पाठ टाचणाच्या आधी: वाचनपाठाचे नियोजन छात्राध्यापकांना कसे शिकवावे

सराव पाठासाठी निघालेल्या छात्राध्यापकाच्या, म्हणजे शिक्षक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या, वहीत पाठ टाचण (पाठाचे लेखी नियोजन) बहुधा नेटके असते. प्रस्तावनेचे प्रश्न, हेतुकथन, आदर्श वाचन, नवीन शब्दांचा खुलासा, आकलनाचे प्रश्न, फलकलेखन आणि स्वाध्याय हे सर्व रकाने भरलेले असतात, मार्गदर्शक प्राध्यापकांची सहीही झालेली असते, आणि तरीही प्रत्यक्ष तासिकेत मुलांचे वाचन फार थोडे होते. शिक्षक वाचतो, मग पुढे बसलेली दोन-तीन मुले वाचतात आणि उरलेली मुले ओळीवर बोट ठेवून आपली पाळी येण्याची, किंवा न येण्याची, वाट पाहतात. यात छात्राध्यापकाचा आळस नसतो. त्याला नियोजन रकान्यांपासून शिकवलेले असते, म्हणून तो रकान्यांपासून सुरुवात करतो. हातातल्या गोष्टीत मूल कुठे अडेल, कुठे हसेल आणि कुठे थांबून विचार करील, हे त्याने पाहिलेलेच नसते.

कोल्हापूर जिल्ह्यातील अध्यापक विद्यालयांत शिकवणारे प्राध्यापक आणि आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याच्या, काळात छात्राध्यापकांना आपल्या वर्गात सामावून घेणारे मार्गदर्शक शिक्षक यांच्यासमोर नियोजनाचा एक वेगळा क्रम मांडावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. आधी पुस्तक, मग मूल, मग मजकुरातील थांबे (वाचन थांबवून विचार करायला लावणाऱ्या जागा) आणि सर्वांत शेवटी टाचण, असा तो क्रम आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले तेव्हा मुलांना शाळेपर्यंत आणणे हेच मोठे आव्हान होते. आज ती शाळेत येतात. मात्र वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाला अर्थ लावून वाचता येणे हे काम अजून पुरे झालेले नाही, आणि ते उद्याच्या शिक्षकांच्या हाती आहे.

पहिले काम: छात्राध्यापकाने स्वतः बालसाहित्य वाचणे

ज्याने गेल्या कित्येक वर्षांत लहान मुलांचे एकही पुस्तक वाचलेले नाही, त्याला वाचनपाठ रंगवता येणार नाही. पहिल्या सत्राच्या सुरुवातीलाच, कोणतीही अध्यापन पद्धती शिकवण्यापूर्वी, मुलांची पुस्तके छात्राध्यापकांच्या हातात पडली पाहिजेत. विद्यालयाच्या ग्रंथालयात ती पुरेशी नसतील तर शाळांतील वर्ग-वाचनालये आणि गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये यांची मदत घ्यावी. कोल्हापूर शहरात तर १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतील चित्रकथा वाचनपातळीनुसार लावलेल्या असून त्या मुक्त परवान्याखाली असल्यामुळे छापून वर्गात वापरता येतात.

वाचल्यानंतर सारांश लिहून घेऊ नये. सारांश लिहिण्याची सवय छात्राध्यापकाला शाळेपासूनच असते आणि त्यातून तो पुस्तकाकडे पुन्हा परीक्षार्थी म्हणूनच पाहतो. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या नोंदवहीत एवढेच लिहावे: या पुस्तकात मी स्वतः कुठे थांबलो, चित्राने असे काय सांगितले जे शब्दांनी सांगितले नाही, आणि दुसरीच्या मुलाला इथे कोणता प्रश्न पडेल. आठवड्यातून एकदा या नोंदी गटात मोठ्याने वाचाव्यात. एकाच गोष्टीत वेगवेगळे वाचक वेगवेगळ्या ठिकाणी थांबतात हे छात्राध्यापकांच्या लक्षात येऊ लागले की नियोजनाची खरी पायाभरणी झाली, असे मी मानतो.

दुसरे काम: एका मुलाचे वाचन नीट ऐकणे

पूर्ण वर्गासमोर उभे राहण्याआधी छात्राध्यापकाने एका मुलाशेजारी बसून त्याचे वाचन ऐकले पाहिजे. हा अनुभव प्रशिक्षणात सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

मुलासाठी सुमारे शंभर शब्दांचा, त्याने पूर्वी न वाचलेला मजकूर घ्यावा. त्याची एक प्रत मुलाकडे आणि एक छात्राध्यापकाकडे असावी. मूल वाचत असताना छात्राध्यापकाने मध्ये बोलू नये. आपल्या प्रतीवर फक्त खुणा कराव्यात. बरोबर वाचलेल्या शब्दावर बरोबरची खूण करावी, वेगळा वाचला तर मुलाने जे म्हटले ते जसेच्या तसे वर लिहावे, गाळलेल्या शब्दाखाली रेघ ओढावी आणि चुकून मग स्वतःच सुधारलेल्या शब्दाला गोल करावा. मूल बराच वेळ अडले तर शब्द सांगावा आणि तशी नोंद करावी. वाचून झाल्यावर पुस्तक मिटवून मुलाला गोष्ट सांगायला लावावी. शंभरात दहापेक्षा जास्त शब्द अडत असतील तर तो मजकूर त्या मुलाला एकट्याने वाचण्यासाठी कठीण आहे, असा सर्वसाधारण अंदाज बांधता येतो. मराठी शब्दांना प्रत्यय लागून ते लांबत असल्याने हा अंदाज काटेकोर नियम समजू नये.

आता या खुणा वाचायला शिकवणे हे प्राध्यापकाचे काम. समजा, मुलाने ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचला आणि ‘काढत’च्या जागी ‘काडत’ म्हटले. छात्राध्यापक या चुका म्हणून मोजतो. पण आपल्या भागातील अनेक घरांत हे शब्द असेच उच्चारले जातात. मुलाने अक्षर ओळखले, शब्द ओळखला, अर्थ लावला आणि तो आपल्या तोंडच्या बोलीत उच्चारला. ही वाचनातील चूक नव्हे, आणि ती मध्येच थांबवून दुरुस्त केली तर मूल अर्थ सोडून शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. ‘पाहिला’च्या जागी ‘बघितला’ वाचणारे मूल तर अर्थाच्या मागे इतके नीट चालले आहे की तोंडात घरचा शब्द आला. त्याने छापलेला शब्द पाहावा म्हणून नंतर हळूच तिकडे लक्ष वेधावे, पण त्याच्या आकलनाविषयी काळजी करू नये. याउलट ‘बोट’ हा शब्द ‘बाट’ असा वाचून जे मूल न अडता पुढे जाते, त्याला आपण वाचलेल्याचा अर्थ लागला नाही हे जाणवलेलेच नाही. नियोजन करायचे ते या मुलासाठी. पहिल्या दोन प्रकारच्या मुलांना ‘शुद्ध वाचा’ असे वारंवार सांगण्यात आणि तिसऱ्या मुलाला ‘छान वाचलेस’ म्हणण्यात आपल्या वर्गांतील किती वेळ वाया जातो, याचा विचार प्रत्येक प्रशिक्षकाने करावा.

दर छात्राध्यापकाने निरनिराळ्या स्तरांवरच्या किमान तीन मुलांचे असे वाचन ऐकावे. त्यांतील एक मूल तरी असे असावे ज्याची घरची भाषा प्रमाण मराठी नाही. आपल्या जिल्ह्यात अशी मुले शोधावी लागत नाहीत. गडहिंग्लज आणि चंदगड भागात घरी कन्नड बोलणारी मुले आहेत, इचलकरंजीत यंत्रमागाच्या कामासाठी आलेल्या परप्रांतीय कुटुंबांची मुले आहेत आणि ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेल्या टोळ्यांबरोबर आलेली मुले काही महिने इथल्या शाळांत बसतात.

तिसरे काम: मजकुरातील थांबे शोधणे

नियोजनाचा गाभा इथे आहे. पुढे एक छोटा मजकूर नमुन्यासाठी देत आहे. तिसरीच्या वर्गासाठी तो मी याच कामाकरिता लिहिला आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली. संजू आजोबांच्या मागोमाग गुऱ्हाळावर गेला. चरकातून उसाचा रस धो धो पडत होता. मोठ्या काहिलीत रस उकळत होता. त्यावर मळी जमत होती. आजोबा झाऱ्याने मळी काढत होते.
“आता गूळ होणार ना?” संजूने विचारले.
आजोबांनी थोडा पाक काढून थंड पाण्यात टाकला. पाण्यात बोटे घालून तो चाचपून पाहिला. मग त्यांनी मान हलवली.
संजू पुन्हा चिपाडाच्या ढिगावर जाऊन बसला.

हा मजकूर छात्राध्यापकांना द्यावा आणि प्रथम त्यांना सुचतील ते प्रश्न लिहू द्यावेत. बहुतेक वह्यांत असे प्रश्न येतील: संजू कोणाबरोबर गेला? रस कशात उकळत होता? आजोबा कशाने मळी काढत होते? मग त्यांना एक साधी कसोटी लावायला सांगावी. ज्या मुलाला काहील म्हणजे काय, झारा म्हणजे काय हे मुळीच ठाऊक नाही, त्याला या प्रश्नांची उत्तरे देता येतील का? येतील. ‘रस काहिलीत उकळत होता’ हे वाक्य प्रश्नातील शब्दांवरून शोधून जसेच्या तसे म्हणून दाखवले की उत्तर पूर्ण होते. हे प्रश्न निरुपयोगी नाहीत, एखाद्या बुजऱ्या मुलाला बोलते करण्यासाठी ते कामी येतात. परंतु त्यांच्यावर तासिका उभी केली तर मुले शब्द शोधायला शिकतात आणि वाचायला शिकत नाहीत.

आता सर्वांना मजकूर पुन्हा वाचायला सांगून एकच गोष्ट शोधायला लावावी: लेखकाने काय सांगायचे सोडून दिले आहे? थोड्या वेळाने कोणीतरी ‘मग त्यांनी मान हलवली’ या वाक्यावर येऊन थांबेल. मान कशी हलवली, होकाराची की नकाराची, हे मजकुरात लिहिलेलेच नाही. गूळ झाला की नाही हेही लिहिलेले नाही. उत्तर पुढच्या वाक्यात दडलेले आहे. संजू पुन्हा जाऊन बसला, म्हणजे अजून वाट पाहायची आहे, म्हणजे गूळ झालेला नाही, म्हणजे मान नकाराची होती. हा थांबा सापडला की पाठाचे नियोजन जवळजवळ झालेच. शिक्षकाने ‘मान हलवली’ इथे वाचन थांबवावे, पुढची ओळ हाताने किंवा कागदाने झाकावी आणि विचारावे, “आजोबा काय म्हणाले असतील?” काही मुले हो म्हणतील, काही नाही म्हणतील, काही खरोखर मान हलवून दाखवतील. कोणते बरोबर ते शिक्षकाने सांगू नये. शेवटचे वाक्य मुलांना मनात वाचू द्यावे आणि मग विचारावे, “आता काय वाटते? कुठल्या शब्दावरून?” एखादे मूल म्हणेल, “आज्जानं न्हाई म्हटलं, म्हणून त्यो परत बसला.” या उत्तरात आकलन आहे, पुरावा आहे आणि कारणही आहे. उत्तराची भाषा सुधारण्याची ही वेळ नव्हे.

आणखी एक बारीक थांबा याच वाक्यात आहे. ‘पुन्हा’ हा शब्द सांगतो की संजू आधीही तिथेच बसलेला होता, मात्र त्याचे आधीचे बसणे मजकुरात कुठेच आलेले नाही. हा प्रश्न वर्गातील जाणत्या वाचकांसाठी राखून ठेवावा. एका छोट्या परिच्छेदात असे दोन थांबे पुरेत. छात्राध्यापकांना एकदा थांबे सापडू लागले की ते प्रत्येक वाक्यावर थांबू लागतात आणि गोष्टीचा ओघ तुटतो. तेव्हा थांबे शोधायला शिकवण्याइतकेच ते सोडून द्यायलाही शिकवावे लागते. सापडलेल्या सर्व थांब्यांची यादी करून तिच्यातून दोनच ठेवायला आणि ते दोन का ठेवले हे लिहायला सांगावे.

शब्दार्थांचेही तसेच. टाचणात ‘नवीन शब्द’ हा रकाना असतो आणि छात्राध्यापक त्यात चरक, काहील, मळी, झारा, चिपाड हे सर्व शब्द अर्थासह लिहून फळ्यावर उतरवतो. पण हे शब्द कोणासाठी नवीन आहेत? करवीर, कागल किंवा पन्हाळा तालुक्यातील ज्या मुलाच्या घरी ऊस आहे, त्याला काहिलीतला रस निवळण्यासाठी त्यात भेंडीच्या झाडाचा चीक मिसळतात आणि पाक कधी उतरवायचा हे गुळव्या (गूळ तयार करणारा कारागीर) ठरवतो, हेसुद्धा माहीत असते, आणि ते छात्राध्यापकाला माहीत नसण्याचीच शक्यता अधिक. शहरातील सदनिकेत वाढलेल्या मुलाने मात्र कदाचित गुळाची ढेप फक्त दुकानात पाहिलेली असेल. म्हणून अर्थ आधी सांगण्याऐवजी ‘काहील कोणी पाहिली आहे?’ असे विचारून ज्या मुलाने पाहिली आहे त्याला फळ्यावर चित्र काढायला बोलवावे. वाचनात मागे असणारे मूल अनेकदा अशा माहितीत पुढे असते. त्याला वर्गासमोर जाणकार म्हणून उभे राहण्याची संधी नियोजनातच ठेवलेली असावी, ती योगायोगावर सोडू नये.

लिपीचा भाग कुठे आणि किती

गोष्टीची गोडी आणि अक्षरांचा सराव यांच्यात कोणतेही वैर नाही, पण एकाच वेळी दोन्ही करायला गेले की दोन्ही बिघडतात. मराठी लिपीच्या ठरावीक अडचणी छात्राध्यापकाला नेमक्या माहीत असल्या पाहिजेत. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते आणि तोंडातून नंतर निघते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण त्याचा उच्चार त्या अक्षराच्या आधी होतो. अनुस्वाराचा उच्चार पुढच्या अक्षरावर अवलंबून असतो. ‘थंड’ आणि ‘आंबा’ या शब्दांतील अनुस्वार सारखा दिसला तरी सारखा ऐकू येत नाही. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील च वेगवेगळा आहे, आणि तो वेगळा आहे हे लिपी सांगत नाही, तोंडच्या भाषेतूनच कळते. शब्दाच्या शेवटचे अकारान्त अक्षर आपण पूर्ण उच्चारत नाही, म्हणून ‘उ-क-ळ-त’ असे अक्षर-अक्षर वाचणाऱ्या मुलाला आपण रोज बोलतो तो ‘उकळत’ हाच शब्द आहे हे चटकन लक्षात येत नाही. अशा मुलाला तोच शब्द वेगाने, बोलल्यासारखा पुन्हा म्हणायला लावावा.

वरच्या मजकुरात जोडाक्षरे बरीच आहेत. त्यांपैकी एकच प्रकार निवडायला छात्राध्यापकांना सांगावे आणि निवडीचे कारण विचारावे. पुष्कळ जण ‘गुऱ्हाळ’ हा शब्द निवडतील, कारण तो कठीण दिसतो. पण आपल्याकडील मुलाला तो तोंडपाठ असतो आणि चित्रावरून व सुरुवातीच्या अक्षरावरून ते तो पुरा वाचते. या मजकुरात पुन्हा पुन्हा येणारा प्रकार वेगळाच आहे: आजोबांच्या, मोठ्या, त्यावर, झाऱ्याने, पाण्यात, त्यांनी, चिपाडाच्या. य जोडलेली ही अक्षरे मराठीच्या कोणत्याही पानावर भेटतात, कारण सामान्यरूपे आणि प्रत्यय यांच्यामुळे ती सारखी घडत असतात. तेव्हा आजचा सराव य-जोडाक्षरांचा असावा, गोष्ट एकदा पूर्ण वाचून आणि बोलून झाल्यावर असावा, आणि तो सात-आठ मिनिटांत संपावा. ‘मोठा–मोठ्या’, ‘पाणी–पाण्यात’ अशा जोड्या मुलांनी मजकुरातून शोधाव्यात आणि मग स्वतःच्या घरातील वस्तूंची नावे घेऊन तशाच जोड्या कराव्यात. शब्द आधी अर्थासह भेटलेला असतो, म्हणून हा सराव कोरडा होत नाही.

मुलांना पायाभूत वाचन आणि गणित यावे यासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मुलाने वयोगटाला साजेसा अपरिचित मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगाने अर्थासह वाचावा अशी अपेक्षा ठेवलेली आहे. या वाक्यातील ‘अर्थासह’ हा शब्द छात्राध्यापकांना अधोरेखित करायला लावावा. घड्याळ लावून केलेल्या वाचनात मूल हा आकडा गाठते आणि काय वाचले ते सांगू शकत नाही, तर तो आकडा गाठला गेला असे म्हणता येणार नाही. वेग वाढवायचा असेल तर तोच मजकूर वेगवेगळ्या निमित्ताने पुन्हा वाचावा: एकदा जोडीने, एकदा संवाद वाटून घेऊन, एकदा धाकट्या भावंडाला वाचून दाखवण्याच्या तयारीसाठी.

मोठ्याने वाचण्याची तालीम

टाचण लिहिण्यापूर्वी छात्राध्यापकाने मजकूर मोठ्याने वाचून पाहिला पाहिजे आणि तो सहाध्यायींनी ऐकला पाहिजे. आदर्श वाचन म्हणजे नाटकी आवाज अशी एक समजूत आहे, तिच्यामुळे लाजाळू छात्राध्यापक विनाकारण मागे पडतात. मुलांना ऐकायला लागतो तो स्पष्ट उच्चार, वाक्यातील योग्य ठिकाणचा विराम आणि बोलणाऱ्या पात्रागणिक थोडासा बदल. ‘आता गूळ होणार ना?’ यातील उतावीळपणा आवाजात आला की पुरे. वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. आपण वाक्याच्या शेवटी आवाज पाडतो किंवा थांब्याच्या जागेवरून घाईने पुढे जातो, हे स्वतःला ऐकल्याशिवाय कळत नाही. पुस्तक कसे धरायचे, चित्र सर्वांना दिसेल असे कुठे उभे राहायचे, पान उलटण्यापूर्वी किती वेळ द्यायचा, याचीही तालीम सूक्ष्म अध्यापनाच्या (छोट्या गटासमोर एकेका कौशल्याचा सराव करण्याच्या) तासिकेत करून घ्यावी. प्रश्न विचारल्यावर गप्प राहण्याची तालीम सर्वांत कठीण असते. मनात सावकाश पाच आकडे मोजेपर्यंत छात्राध्यापकाने दुसरा शब्द बोलू नये, असा नियम सरावात पाळावा.

आता टाचण

एवढे झाल्यावर टाचणाची वही उघडावी. विद्यालयाचा नमुना ठरलेला असेल तर तो बदलण्याची आवश्यकता नाही; त्यात काय लिहायचे ते बदलते. प्रस्तावनेत ‘उसापासून काय काय बनते?’ हा सामान्यज्ञानाचा प्रश्न न विचारता गोष्टीच्या शीर्षकावरून किंवा चित्रावरून अंदाज करायला लावावा, म्हणजे मुलांना वाचण्याचे कारण मिळते. उद्दिष्टांच्या जागी अध्ययन निष्पत्ती (मुलाला काय यायला हवे याची अभ्यासक्रमातील ठरलेली विधाने) उतरवून काढण्यापेक्षा ‘संजू पुन्हा का बसला हे मूल मजकुरातील शब्दाचा आधार देऊन सांगेल’ असे पाहता येण्याजोगे एक वाक्य लिहावे. आणि टाचणाच्या समासात, रकान्यांच्या बाहेर, दोन गोष्टी हव्यात: कोणते मूल कुठे अडण्याची शक्यता आहे, आणि तसे झाले तर मी काय करीन. या समासाकडे पाहूनच प्राध्यापकांनी सही करावी, असा माझा आग्रह आहे.

शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड या तालुक्यांतील अनेक शाळा द्विशिक्षकी आहेत आणि तिथे एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. अशा वर्गासाठी वेगळी टाचणे लिहीत बसण्यापेक्षा एकच गोष्ट सर्वांना वाचून दाखवावी आणि नंतरचे काम स्तरानुसार द्यावे. पहिलीची मुले चित्र क्रमाने लावून गोष्ट सांगतील, दुसरीची जोडीने दोन-तीन वाक्ये वाचतील, तिसरी-चौथीची मुले संपूर्ण मजकूर मनात वाचून पुढे काय झाले ते लिहितील. घरची भाषा निराळी असलेल्या मुलाने गोष्ट प्रथम आपल्या भाषेत सांगितली तरी चालते. तीच भाषा जाणणारे दुसरे मूल ती मराठीत सांगायला मदत करते, आणि शिक्षकाला कळते की मुलाचा अडथळा आकलनाचा नसून शब्दांचा आहे.

पाठ आणि त्यानंतरचे बोलणे

पहिले दोन-तीन वाचनपाठ पूर्ण वर्गावर न घेता सहा ते आठ मुलांच्या गटावर घ्यावेत. निरीक्षण करणाऱ्या सहाध्यायींना ‘पाठ कसा वाटला’ असे अभिप्राय लिहायला लावू नये. त्यातून ‘फलकलेखन सुंदर’, ‘आवाज चांगला’ यापलीकडे काही मिळत नाही. प्रत्येक निरीक्षकाने एकच मूल वाटून घ्यावे आणि फक्त त्याच्याकडे पाहावे. त्याची नजर पुस्तकावर केव्हा होती, त्याने स्वतः किती वाक्ये वाचली, ते काय बोलले आणि कोणत्या प्रश्नाला ओठ हलूनही आवाज निघाला नाही, हे वेळेसह लिहावे. सर्व निरीक्षकांच्या नोंदी एकत्र ठेवल्या की पाठाचे खरे चित्र समोर येते: एखाद्या मुलाने संपूर्ण तासिकेत एकही वाक्य वाचलेले नसते आणि छात्राध्यापकाला मात्र वर्ग ‘छान प्रतिसाद देत होता’ असे वाटत असते.

चर्चेत पहिल्यांदा छात्राध्यापकाला बोलू द्यावे आणि त्याला तीनच गोष्टी विचाराव्यात. तुम्ही ठरवलेल्या थांब्यावर मुले थांबली का? ती तुम्हाला अनपेक्षित अशा कोणत्या ठिकाणी थांबली? कोणत्या मुलाबद्दल आज काही नवे कळले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते. वरच्या गोष्टीत एखादे मूल ‘पाकात बोट घातले तर भाजणार नाही का?’ असे विचारील आणि छात्राध्यापक ते विषयांतर समजून टाळील. प्राध्यापकांनी इथे थांबून दाखवावे की पाक थंड पाण्यात टाकला होता हे वाक्य पुन्हा वाचून त्या मुलानेच उत्तर शोधले असते. मुलाने पुन्हा मजकुराकडे वळावे असा याहून चांगला प्रसंग पाठात आला नव्हता.

त्यानंतर तोच मजकूर, त्याच आठवड्यात, दुसऱ्या गटावर पुन्हा शिकवायला द्यावा. आपल्याकडे एक पाठ झाला की वहीत सही होते आणि छात्राध्यापक नव्या घटकाकडे जातो, त्यामुळे चर्चेत कळलेले वापरून पाहण्याची संधी त्याला मिळतच नाही. पाठांची संख्या थोडी कमी झाली तरी चालेल, पण निदान दोन मजकूर असे दोन-दोनदा शिकवले जावेत. दुसऱ्या वेळच्या टाचणात बदललेला भाग वेगळ्या शाईने लिहावा, कोणत्या मुलाच्या कोणत्या उत्तरामुळे तो बदलला हे शेजारी नोंदवावे, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण देताना स्वच्छ अक्षरातील पहिल्या टाचणापेक्षा या खाडाखोडीच्या टाचणाला अधिक महत्त्व द्यावे.